सल्ला दिला, असं कार्डावर लिहिलंय

माझ्या मोठ्या मुलाच्या जन्माचं डिस्चार्ज कार्ड अजून घरात आहे. बाळाचं वजन, टाके दाखवायला यायची तारीख, लोहाच्या गोळ्या, आणि सगळ्यात खाली छापलेली एक ओळ : कुटुंब नियोजनाबाबत सल्ला दिला. तिच्यापुढे निळ्या पेनाने केलेली बरोबरची खूण. ते तीन दिवस मी त्या दवाखान्यातच होतो. बिल भरलं, औषधं आणली, जिन्याखालच्या बाकावर झोपलो. मला कोणी काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती म्हणते, सिस्टर निघताना ‘आता सांभाळून राहा’ एवढं बोलली होती. ते बहुधा टाक्यांबद्दल असावं.

त्या खुणेनंतर अकरा महिन्यांनी तिला पुन्हा दिवस गेले.

पहिलंही ठरवून नव्हतं. लग्नानंतर आम्ही ‘बघू’ म्हणत होतो आणि चौथ्या महिन्यात बघायचं काही उरलं नाही. दोन मुलं, दोन्ही जिवापाड लाडकी, दोन्ही न ठरवता झालेली. माझं वय २९. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे ‘अडाणी लोकांना कळत नाही’ हे लाडकं स्पष्टीकरण निदान माझ्या घरात चालत नाही. (हा लेख बायकोने आधी वाचलाय. दोन वाक्यं तिने काढायला लावली, एक स्वतः घातलं. कोणतं ते सांगणार नाही.)

एक समज सगळीकडे आहे. एकदा फसगत झाली की माणूस शहाणा होतो, न ठरवता मूल झालं की पुढच्या वेळेला जोडपं काळजी घेतंच. ऐकायला बरोबर वाटतं. आमच्या कामात असं काही घडलं, म्हणजे रात्री दोनला सर्व्हर पडला, तर दुसऱ्या दिवशी सगळे बसतात. चूक कोणाची हे शोधायला बसत नाहीत. ही चूक होऊ शकली अशी कोणती फट राहिली होती, ते शोधतात. ती फट बुजवली नाही तर सर्व्हर पुन्हा पडणार, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. न ठरवता झालेल्या मुलानंतर मात्र आपण पेढे वाटतो आणि फट तशीच ठेवतो. पहिल्या वेळेला जी कारणं होती, म्हणजे बोलायची लाज, ‘काही होत नाही’ हा नवऱ्याचा आत्मविश्वास, साधनांबद्दल ऐकीव भीती, ती सगळी जागच्या जागी असतात. वर जागरणं, दुखणारं अंग आणि भरलेलं घर. अशात शहाणपण येणार कुठून?

आमची फट कुठे होती, ते सांगतो. ती फक्त आमची नाही.

मी कोराडीचा. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात, आणि नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला निघालेल्या गर्दीतून घरी यायला अर्धा तास लागतो. बायको सौंसरची. कोराडीवरून जाणारा छिंदवाडा रोड सरळ पकडला की सावनेरच्या पुढे राज्य बदलतं, भाषा बदलत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम दोन्हीकडे सारखा. ती सातव्या महिन्यात गेली आणि बाळ चार महिन्यांचं झाल्यावर आली. कोराडीच्या आशाताईच्या वहीत ती ‘माहेरी गेली’ होती. तिकडच्या आशाताईच्या वहीत ती पाहुणी होती. बाळाच्या लशी दोन्हीकडून नीट झाल्या, कारण बाळाचं कार्ड बाळाबरोबर फिरतं. आईच्या पुढच्या दोन वर्षांचं काय, हे मात्र कोणत्याच वहीत नव्हतं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साधनांबद्दल बोलायची रीत आहे. त्या सहाव्या आठवड्यात ती सौंसरला आईच्या घरी शेकशेगडी घेत होती आणि मी दर शनिवारी बाळ बघायला जात होतो. तेव्हा नवरा-बायकोला एका खोलीत कोणी पाच मिनिटं बसू देत नव्हतं. साधनाची गरज नव्हती म्हणून बोलणं झालं नाही, आणि गरज निर्माण झाली तेव्हा बोलायला सांगणारं कोणी नव्हतं.

दुसरी फट म्हणजे ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत’. हे माझ्या आईने, सासूने, मावशीने आणि ऑफिसातल्या एका एम.टेक. झालेल्या मित्राने सांगितलं. त्यात तथ्य आहे, म्हणून तर ते टिकून आहे. पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत सुरू झालेली नको, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचंच दूध हवं. आमच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात ‘दूध पुरत नाही’ म्हणून बाटली लागली आणि पाचव्यात वरणाचं पाणी. अटी तेव्हाच मोडल्या. आणखी एक गोष्ट माझ्या ओळखीच्या कुठल्याच पुरुषाला माहीत नव्हती. बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधी बीज सुटू शकतं. म्हणजे ‘पाळी आली की मग काळजी घेऊ’ म्हणणारी बाई पाळी न येताच पुन्हा गरोदर राहू शकते. पिढ्यान्‌पिढ्या ‘लागोपाठची’ म्हणून जी भावंडं आपल्या घराघरांत आहेत, त्यातली कितीतरी या एका न सांगितलेल्या वाक्याची आहेत.

आणि उपाय नव्हते असं नाही. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा, आणि नको झाली की काढता येते. ‘अंतरा’ नावाचं तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी यंत्रणेत आहे. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरकं नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, पाजणाऱ्या आईलाही चालते. निरोध तर १९६८ पासून आहे. आणि आपल्याकडे बाळंतपणं आता घरी होत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. म्हणजे जिला सांगायचंय ती बाई, आणि बहुतेक वेळा तिचा नवराही, दोन-तीन दिवस एका छपराखाली सापडतात. त्या तीन दिवसांत आपण काय करतो? कागदावर खूण.

हेच सर्वेक्षण बाईला विचारतं की मागच्या वेळी दिवस गेले तेव्हा ते हवे होते, नंतर हवे होते, की मूल नकोच होतं? प्रश्न चांगला आहे. पण तो विचारला जातो तेव्हा ते मूल बहुधा तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या ओढत असतं. ‘नको होतं’ हे कोणती आई म्हणेल? माझ्या बायकोनेही ‘हवं होतं’ असंच सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. म्हणून अशा आकडेवारीत न ठरवलेली मुलं जेवढी दिसतात त्याहून घरांत जास्त असणार, असं मी धरून चालतो. जगाचा अंदाज असा आहे की २०१५ ते २०१९ या काळात दर वर्षी सुमारे १२ कोटी १० लाख गर्भधारणा न ठरवता झाल्या, एकूण गर्भधारणांच्या जवळपास निम्म्या. भारतात २०१५ साली दीड कोटीहून जास्त गर्भपात झाले आणि त्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. माझ्या वयाच्या पोरांसाठी ‘मेडिकलमधून गोळी आणू’ हेच कुटुंब नियोजन आहे. बाहत्तर तासांची गोळी वेगळी आणि गर्भपाताची वेगळी, हेही निम्म्यांना माहीत नसतं. गोळी आणायला तो जातो, घ्यायची तिला.

आमच्या वेळी तीही चर्चा झाली. तिने ठरवलं, राहू दे. तो तिचा निर्णय, आणि त्याबद्दल इथे एवढंच.

आता मुद्द्याच्या त्या भागाकडे येतो जिथे मला राग येतो. दुसऱ्या वेळी तिचं सिझर झालं. टेबलवर घेण्याआधी कोणीतरी फॉर्म घेऊन आलं : सोबतच ऑपरेशन करून टाकायचं ना? हा प्रश्न कळा सोसणाऱ्या बाईला विचारायची वेळ आहे का? सात महिने ती तपासणीला जात होती, तेव्हा कोणाला सुचलं नाही. ती नाही म्हणाली. मग पुढचे चार महिने आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तिला एकच सल्ला दिला, ‘आता ऑपरेशन करून घे वो बाई, कटकट नको.’ मी शेजारीच बसलेलो असायचो. धडधाकट, चहा पीत. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. आणि चार महिने मीही काही बोललो नाही, हे लिहून ठेवतो.

याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली आहे. नवऱ्याची नसबंदी झाली आहे असं प्रमाण ०.३ टक्के. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात बायकांचा आकडा निम्म्याच्या आसपास जातो, पुरुषांचा शंभरात एकसुद्धा भरत नाही. तिच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद घ्यावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून होते. पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, दाढी जात नाही. कोणत्याही इंजिनिअरला दोन पर्याय द्या. परिणाम तोच, पण एकात धोका कमी, वेळ कमी, खर्च कमी. तो दुसरा निवडेल का? आपण सत्तर वर्षं दुसराच निवडतोय, कारण पहिल्यात शरीर आपलं आहे.

या आळसाला आता नवं कव्हर मिळालंय. माझे वाचलेले-शिकलेले मित्र म्हणतात, ‘तिचं शरीर, तिचा निर्णय, आपण काय बोलणार?’ वाक्य बायकांनी लढून मिळवलं आणि आपण त्याची उशी करून झोपलो. तिच्या शरीराबद्दल तिचा निर्णय, बरोबर. पण मग तुझ्या शरीराबद्दल तुझा निर्णय काय, भाऊ? याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी स्वच्छ सांगितलंय की गर्भनिरोध हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्यात पडू नये. ते निदान प्रामाणिक आहेत.

दुसरे भेटतात ते लोकसंख्यावाले. व्हॉट्सॲपवर स्फोट, बॉम्ब, ‘हे लोक’ वगैरे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होतात, म्हणजे आजची पिढी स्वतःइतकीही पुढची पिढी घालत नाहीये. स्फोट कुठे आहे? देशात बायकांना सरासरी १.६ मुलं हवी आहेत आणि होतात २. हा जो ०.४ चा फरक आहे, तो माझा विषय. तो देशावरचा भार म्हणून नाही, एकेका बाईच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवरचा आणि सुटलेल्या नोकरीवरचा भार म्हणून. माझी बायको एका शाळेत शिकवत होती. पहिल्या वेळी रजा मिळाली, दुसऱ्या वेळी ‘पुढच्या सत्रात बघू’ हे उत्तर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जायच्या आधी निदान २४ महिने जावेत. आमचे ११ गेले. आणि सरकारचं धोरण काय, तर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. मूल झाल्यावर शिक्षा ठोठावण्याचा उत्साह, मूल व्हायच्या आधी दोन वाक्यं सांगण्यात का दिसत नाही?

पुरुष पहिल्यापासून असेच होते असंही नाही. मुंबईत साठच्या दशकात रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं चालत होती. १९७१ च्या जुलैत केरळमधल्या एर्नाकुलमच्या एका शिबिरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. बक्षिसांचं आमिष होतं, हे खरं, पण रांगेत पुरुष होते. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात पुरुषांच्या ६० लाखांहून जास्त, आणि कितीतरी जबरदस्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सरकार पडलं, आणि पुढच्या सरकारांनी त्यातून एक धडा घेतला : पुरुषाला हात लावायचा नाही, तो मत देतो. उद्दिष्टं संपली नाहीत, ती बायकांकडे वळली. त्याचा शेवट आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसला. बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. पुरुषांवर जबरदस्ती झाली तेव्हा सरकार पडलं. बायका मेल्या तेव्हा शिबिराचा मंडप पडला, एवढंच.

मराठी माणसाने हे सगळं कोणाकडून उधार घ्यायची गरज नव्हती. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्यापायी नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्यावरच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात मांडला, आणि तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. दीक्षाभूमी आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. दरवर्षी जातो. ही गोष्ट मला तिथे किंवा शाळेत कोणी सांगितली नव्हती. दुसऱ्या मुलानंतर, रात्री त्याला खांद्यावर घेऊन फोनवर वाचताना कळली.

मग करायचं काय, असं विचाराल. मला नवी योजना नको, नवं ॲपही नको (हे ॲप बनवणारा माणूस म्हणतोय). दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. त्यात सातव्या-आठव्या महिन्यात नवऱ्यालाही बोलवा आणि तिथे शांतपणे बोला, टेबलवर नको. निर्णय तिचा. नवऱ्याला परवानगीसाठी बोलवायचं नाही, ऐकण्यासाठी बोलवायचं. कार्डावरची ती खुणेची ओळ काढून टाका. त्याऐवजी तीन रिकाम्या जागा ठेवा : काय सांगितलं, कोणतं साधन ठरलं, कधीपासून. काहीच नको असेल तर तेही लिहा. माहेरच्या आशाताईने सासरच्या आशाताईला एक फोन करावा, राज्य वेगळं असलं तरी. आणि आमच्या वस्तीत पुरुष आरोग्यसेवक येतो, तो डेंग्यूच्या अळ्या बघायला. कूलरमध्ये टॉर्च मारतो, पाणी ओतायला लावतो, दारावर खडूने तारीख लिहितो. आशाताई येते ती दुपारी, आम्ही ड्यूटीवर असताना, आणि ती आमच्याशी काय बोलणार, आम्ही तिच्याशी काय बोलणार? पण हा माणूस आमच्याशी कूलरबद्दल दहा मिनिटं बोलतो. आणखी दोन मिनिटं बोलला असता तर?

शेवटी मीच गेलो, सरकारी दवाखान्यात. नियम सोपा आहे : लग्न झालेलं हवं, वय साठच्या आत, आणि एक मूल वर्षाच्या वरचं. बायकोची सही लागत नाही. बाहेरच्या बाकावर आठ-दहा बायका ऑपरेशनसाठी बसल्या होत्या, नवरे त्यांच्या पिशव्या धरून उभे. रजिस्टर लिहिणाऱ्याने विचारलं, पेशंट कुठे आहे? मीच, म्हटलं. त्याने मान वर करून बघितलं. मग पिशव्या धरलेल्या सगळ्यांनी बघितलं. डॉक्टर आत रेडिओवर जुनी गाणी ऐकत होते. दुसरं गाणं संपायच्या आत झालं.

घरी आलो तर आई म्हणाली, ‘तू काहून केलं? तिचं सिझर झालंच होतं, तेव्हाच करून टाकायचं होतं ना. तू नोकरीवाला माणूस!’ बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बायकोने मला वरणभात वाढला आणि मोठ्याला ओरडली, ‘पप्पाच्या मांडीवर उडी मारू नको आज.’

तीन महिन्यांनी तपासणी आहे. तोवर शुक्राणू शिल्लक असू शकतात, म्हणून निरोध वापरायचा. त्याचं पाकीट आशाताईकडून मी स्वतः मागून आणलं, भर दुपारी, सुट्टी टाकून.